मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन डेव्हिल्स लेकला ट्रेलर कॅम्पिंग, आमच्या गाडीला ट्रेलर झेपेल का?

नमस्कार मंडळी,

आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे शिकागोला आले आहेत, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात परत जातील. त्याआधी सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी त्यांना विस्कॉन्सिनमधल्या डेव्हिल्स लेक स्टेट पार्कला मुक्कामाला न्यायचं आहे. तिथल्या जागा 11 महिने आधी बुकिंगला खुल्या होतात, त्यामुळे आशा सोडलीच होती. पण रोज सकाळी साइट बघत राहिले आणि कुणीतरी रद्द केलेली, विजेची सोय असलेली एक जागा मिळाली. दोन रात्री.

तीन वर्षांपूर्वी त्यांना एकदा तंबूत नेलं होतं. पहाटे आईला बाहेर जायचं होतं. जमिनीवरच्या गादीवरून तिला उठता येईना, आणि आमची झोपमोड नको म्हणून ती एका हाताने तंबूचं कापड धरून तशीच बसून राहिली. किती वेळ, ते तिने अजून सांगितलेलं नाही. मला जाग आली तेव्हा तिची बोटं गार पडली होती. त्यानंतर तिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. ती आता चालते छान, पण जमिनीवर बसणं-उठणं बंद आहे. म्हणून या वेळी तंबू नाही, भाड्याने ट्रेलर घ्यायचा असं ठरवलं आहे.

आम्ही दोघांनीही आजवर काहीही ओढलेलं नाही. गाडी सात सीटरची एसयूव्ही आहे, हिच (ट्रेलर जोडायचा मागचा सांधा) कंपनीनेच बसवलेला, ओढण्याची क्षमता 5,000 पौंड. जो ट्रेलर बघितला तो 22 फुटी, सहा जणांना झोपता येईल असा, माहितीत वजन 3,800 पौंड लिहिलं आहे. मालक म्हणतो, आरामात ओढाल. आम्ही सहा जण: आम्ही दोघं, आई-बाबा, 11 आणि 7 वर्षांची मुलं. हिशेब बरोबर वाटतो, तरी मनात धाकधूक आहे. गाडीत आई-बाबा आणि मुलं असणार, म्हणून विचारते. ज्यांनी हे केलं आहे त्यांनी कृपया मोकळेपणाने सांगा. आईच्या दृष्टीने अजून काय बघायला हवं तेही सांगा.

प्रतिसाद

ताई, थांबा, हा ट्रेलर घेऊ नका. आम्ही सहा वर्षं मिशिगनमध्ये ट्रेलर ओढतोय आणि पहिल्या वर्षी नेमका हाच हिशेब चुकवला होता.

3,800 हे रिकाम्या ट्रेलरचं वजन. भरलेले गॅस सिलिंडर बहुतेक वेळा त्यात धरलेले नसतात, दोन सिलिंडरचे 75 पौंड धरा. पाण्याची टाकी 30 गॅलनची असेल तर एका गॅलनला 8.3 पौंड, म्हणजे 250. भांडी, खुर्च्या, पांघरुणं, शिधा मिळून 400 सहज होतात. झाले 4,500 च्या वर. हे 5,000 च्या आत आहे, म्हणून मालक आरामात म्हणतो. पण आधी संपते ती ओढण्याची क्षमता नाही, तर पेलोड, म्हणजे खुद्द गाडीवर किती भार चालतो ती मर्यादा.

ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा. चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचा स्टिकर आहे, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. तो आकडा इथे टाका. ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा भार, ज्याला टंग वेट म्हणतात, तो गाडीच्या मागच्या बाजूवर बसतो आणि याच आकड्यातून वजा होतो. तो ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या 10 ते 15 टक्के असायला हवा. कमी करायला म्हणून सामान ट्रेलरच्या मागच्या भागात ढकलू नका, टंग वेट 10 टक्क्यांच्या खाली गेलं की हायवेवर ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. ते मी अनुभवलं आहे. तसं झालंच तर ब्रेकवर पाय मारायचा नाही, स्टिअरिंगही झटकायचं नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, गाडी सरळ धरायची आणि ट्रेलरचे ब्रेक हाताने हळूच लावायचे.

धागाकर्ती

आत्ता पार्किंगमध्ये जाऊन बघून आले. स्टिकरवर 1,400 पौंड आहे. आम्हा सहा जणांचं वजन 735. ट्रेलर 4,525 धरला तर 12 टक्क्यांनी 543. वजन विभागणाऱ्या हिचचे 75 धरले. बेरीज 1,353. उरले 47 पौंड, त्यात डिकीतलं एवढं सामान कसं बसवायचं? आणि हिचवरच्या लेबलवर टंग वेटची मर्यादा 500 छापलेली आहे, म्हणजे ती तर आधीच ओलांडली.

दोन गाड्या न्यायच्या का? मी आई-बाबांना घेऊन वेगळी येते.

प्रतिसाद

दुसऱ्या गाडीने पेलोड सुटेल, पण हिचची मर्यादा तीच राहील. टाकी रिकामी ठेवून गेलात तरी 4,275 चे 12 टक्के 513 होतात. ट्रेलरच लहान हवा. मला एक सांगा, सहाही जणांना आत झोपायची गरज आहे का? गरज आईंना आणि बाबांना आहे. 16-17 फुटी, एका ॲक्सलचा, रिकामा 2,900 च्या आसपासचा ट्रेलर घ्या. ते दोघं आत, तुम्ही चौघं शेजारी तंबूत. मुलांना तर तेच आवडेल. पाणी पार्कमध्ये पोचल्यावर भरा. सामान धरून 3,400 झाला तरी टंग वेट 408 राहील.

ब्रेक कंट्रोलर मात्र टाळू नका. ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक गाडीतून चालवायला तो लागतो, आणि हिचजवळ सात पिनांचा सॉकेट लागतो. चार पिनांच्या सॉकेटमधून फक्त दिवे चालतात. ट्रेलरच्या टायरवरची वेगमर्यादाही बघून घ्या, बऱ्याच टायरना ती ताशी 65 मैलच असते. मॅडिसनच्या आसपास मोकळ्या शेतांतून वारा आडवा येतो, मी तिथे 60 च्या वर जात नाही.

प्रतिसाद

मी मॅडिसनला राहते, डेव्हिल्स लेक आमच्या नेहमीच्या जाण्यायेण्यातलं. आईंसाठी लिहिते.

ट्रेलर ठरवण्याआधी आईंना बरोबर घेऊन जा आणि त्या पलंगावर बसवून, आडवं करून, उठवून बघा. लहान ट्रेलरमध्ये मोठा पलंग बहुधा तीन बाजूंनी भिंतीला टेकलेला असतो. आत झोपलेल्याला बाहेरच्याच्या पायांवरून यावं लागतं. जेवणाचं टेबल खाली करून जो पलंग होतो तो बुटका असतो आणि कडेवर बसून पाय खाली सोडता येतात, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तो बरा. दाराची पहिली पायरीही जमिनीपासून उंच असते. रुंद, न घसरणारा स्टूल घेऊन जा आणि दाराचा दांडा हाताशी येतो का ते पाहा.

संडासाचं संकोच न करता सांगते, कारण आपल्या घरात हा प्रश्न येतोच. ट्रेलरच्या टॉयलेटमध्ये पाणी वापरायला घाबरू नका. टाकीत पाणी भरपूर असेल तर उलट चांगलं, घाण साचून बसत नाही. आतला नळ बारीक असतो, म्हणून एक मोठी बाटली भरून ठेवा. परतताना डम्प स्टेशनवर (टाक्या रिकाम्या करायच्या जागी) आधी संडासाची टाकी रिकामी करा, मग मोरीच्या पाण्याची, म्हणजे पाइप आपोआप धुतला जातो. अंघोळ पार्कच्या शॉवरमध्येच करा.

फोडणी आत देऊ नका! मिरची तडतडली की धुराचा अलार्म वाजायला लागतो आणि ठसका ट्रेलरबाहेरही जात नाही. शेगडी बाहेरच्या टेबलावर मांडा. जळाऊ लाकूड घरून आणू नका, विस्कॉन्सिनच्या स्टेट पार्कांत 10 मैलांच्या आतलं किंवा प्रमाणित लाकूडच चालतं. ॲश झाडं पोखरणारी कीड लाकडातून पसरते म्हणून हा नियम आहे.

ईस्ट ब्लफचा, म्हणजे पूर्वेच्या कड्याचा, बॅलन्स्ड रॉक या तोल सांभाळून उभ्या दगडाकडे जाणारा दगडी पायऱ्यांचा रस्ता आईंसाठी नाही, तिथे नवरा आणि मुलं जातील. आईंना उत्तरेच्या काठावर सकाळी लवकर न्या. दोन्ही बाजूंना गुलाबी-जांभळट क्वार्टझाइटचे 500 फुटी कडे आणि मधे तळं. हिमयुगाच्या शेवटी हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीने दरीची दोन्ही तोंडं बुजली आणि पाणी अडलं, त्यातून हे तळं झालं. पेट्रोलवर चालणाऱ्या बोटींना बंदी आहे, त्यामुळे पहाटे वल्ह्याचा आवाजसुद्धा पलीकडच्या काठावर ऐकू येतो.

धागाकर्ती

तुम्हा दोघांचेही मनापासून आभार. काल आईला घेऊन 17 फुटी ट्रेलर बघून आलो. टेबलाचा पलंग केला, ती कडेवर बसली, तळवे जमिनीला टेकले. मग न सांगता स्वतःच उठून दाखवलं आणि म्हणाली, "हे जमतंय गं." पायरीला स्टूल लागेल, ते उद्या घेते. ट्रेलर बुक केला. ब्रेक कंट्रोलर बसवायला गाडी गुरुवारी देतोय.

आता रिव्हर्सची चिंता आहे. नवरा रविवारी शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये सराव करणार आहे. बाबा म्हणाले, "कारखान्यावर उसाच्या ट्रॉल्या मागे घेताना बघितलंय, चाक उलटं फिरवायचं आणि थोडंच फिरवायचं." त्यांनी ट्रॅक्टरवर केलं आहे, पण कारमध्ये तसंच होतं का?

प्रतिसाद

बाबा बरोबर सांगतायत, त्यांनाच मागे उभं करा. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा, मग ट्रेलरचं ढुंगण ज्या बाजूला न्यायचं त्याच बाजूला हात न्यायचा. ट्रेलर मुडपायला लागला की थांबायचं आणि पुढे घेऊन सरळ करायचं, दहा वेळा करावं लागलं तरी चालेल. जागेवर पोचल्यावर आधी डावी-उजवी पातळी साधा, मग चाकांना अडथळे लावा, आणि त्यानंतरच गाडी सोडवा. पुढची-मागची पातळी जॅकने होते.

धागाकर्ती

लिहून घेतलं. एकच राहिलं: सप्टेंबरच्या शेवटी तिथे रात्री गारठा असतो आणि आईला फर्नेसच्या (ट्रेलरमधल्या गॅस हीटरच्या) घरघरीत झोप लागत नाही. जागेवर 30 अँपची वीज आहे. 1,500 वॉटचा छोटा हीटर रात्रभर चालवला आणि सकाळी त्याच लाइनवर चहाची किटली लावली तर ब्रेकर पडेल का? मालकाला विचारलं, त्याला सांगता आलं नाही.

प्रतिसाद

120 व्होल्टला 30 अँप म्हणजे एकूण 3,600 वॉट. हीटर आणि किटली मिळून 3,000 च्या आसपास होतात, पण त्यात बॅटरी चार्जर आणि वॉटर हीटर भरले की ब्रेकर पडेल. शिवाय ट्रेलरमधले सगळे सॉकेट मिळून बहुधा 15 किंवा 20 अँपच्या एका ब्रेकरवर असतात, तो आधी पडतो. म्हणून किटली लावताना हीटर बंद करा. हीटर पडदा-पांघरुणापासून लांब ठेवा आणि एक्स्टेन्शन वायरवर लावू नका. बाबांना तो कसा बंद करायचा ते झोपण्याआधी एकदा दाखवून ठेवा.