मदत हवी आहे: भावाचा विवाह-अ‍ॅपवरील परिचय मी शुद्ध करून दिला, आता भेटीची वेळ आली आहे

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात गेली अकरा वर्षे मुद्रितशोधनाचे काम करते. माझा धाकटा भाऊ (वय ३२) वाशीम जिल्ह्यात, रिसोडजवळच्या आमच्या गावी आईसोबत राहतो. घरची सोयाबीन-तुरीची शेती तो पाहतो आणि तालुक्याच्या ठिकाणी त्याचे मोटार रिवायंडिंगचे दुकान आहे. गेल्या दिवाळीत त्याने एका विवाहविषयक अ‍ॅपवर नाव नोंदवले आणि परिचयाचा मजकूर स्वतःच लिहिला. चार महिन्यांत त्याला दोनच उत्तरे आली, आणि त्यांपैकी एकीने 'आधी मराठी लिहायला शिका' एवढेच लिहिले होते. ते मला दाखवून तो म्हणाला, "ताई, तूच नीट करून दे."

मी एका संध्याकाळी ते काम केले. 'मि', 'आनि', 'शिक्षन', 'कुटूंब' हे सगळे दुरुस्त केले आणि विरामचिन्हे घातली. तेवढ्यावर मी थांबायला हवे होते. त्याने लिहिले होते, "मोटार जळाली का मानसं रात्रीबी येतात, मी दुकान उघडतो कारन त्याईचं पानी थांबलं राहते." त्या जागी मी "ग्राहकांना अहोरात्र तत्पर सेवा देण्यावर माझा भर असतो" असे वाक्य घातले. आज दोन्ही वाक्ये शेजारी ठेवून पाहते तेव्हा फार वाईट वाटते, कारण पहिल्या वाक्यात माझा भाऊ आहे आणि दुसऱ्यात कोणीच नाही.

फरक मात्र लगेच पडला. पंधरा दिवसांत सात मुलींनी उत्तर दिले. त्यांतल्या अमरावतीच्या एका मुलीशी त्याचे गेले दोन महिने लिहून बोलणे चालू आहे. तिने पहिल्याच संदेशात लिहिले होते की, शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहून 'आणि' मात्र आठवणीने ऱ्हस्व लिहिणारे स्थळ तिने प्रथमच पाहिले. तिचे म्हणणे मला पटते. अनोळखी मुलीला पहिल्याच ओळीत 'तू' म्हणणारे, तिचे नाव तिच्या परिचयात लिहिलेले असूनही चुकवणारे आणि एकच मजकूर दहा जणींना चिकटवणारे लोक तिने वर्षभर सोसले आहेत. अशा वेळी नीट लिहिलेले वाक्य पाहून 'या माणसाने आपल्यासाठी वेळ दिला' असे वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु सगळ्या चुका एका मापाने मोजाव्यात का, हा प्रश्न मला या निमित्ताने पहिल्यांदा पडला. समोरच्याचे नाव चुकवणे हा निष्काळजीपणा आहे आणि त्यावरून माणूस नाकारला तर माझी तक्रार नाही. आमच्याकडच्या वऱ्हाडी बोलण्यात मात्र 'ण'च्या जागी 'न'च येतो, त्यामुळे 'पानी' लिहिणारा कानावर पडते तसेच लिहीत असतो. ऱ्हस्व-दीर्घाचे तर त्याहून अवघड आहे. १९६२ साली ठरलेले आणि १९७२ साली वाढवलेले ते नियम नुसत्या कानाने कळत नाहीत, पाठ करावे लागतात, आणि ते पाठ करून घेणारे शिक्षक सगळ्यांनाच मिळतात असे नाही. मला मिळाले, त्याच शाळेत सहा वर्षांनी मागे असलेल्या माझ्या भावाला मिळाले नाहीत.

आता अडचण अशी आहे की, या दोन महिन्यांत त्याचा प्रत्येक संदेश आधी माझ्याकडे आला आहे आणि मी तपासून दिल्यावरच पुढे गेला आहे. आशय सगळा त्याचा आहे, भाषा माझी. फोनवर बोलणे तो टाळत आला, कारण आपण तोंड उघडले की ती दूर जाईल अशी त्याला भीती आहे. मुलीने आता येत्या रविवारी अमरावतीत भेटायला बोलावले आहे.

ज्यांनी अशा अ‍ॅपवरून जोडीदार शोधला आहे, त्यांनी कृपया मोकळेपणाने सांगावे. मजकूर बहीण तपासत होती हे भेटीपूर्वी कळले असते, तर तुम्हाला फसवणूक वाटली असती का? हे भावाने लिहून कळवावे, की प्रत्यक्ष भेटीत सांगावे? मी स्वतः तिच्याशी बोलणे योग्य दिसेल का? आणि एखाद्याच्या लिहिण्यातल्या कोणत्या चुकांमुळे तुम्ही खरोखर मागे फिरलात, हेही जाणून घ्यायचे आहे, कारण परिचयाचा मजकूर मला पुन्हा लिहायचा आहे.

उत्तराची घाई आहे. त्याने काल रात्री तिला पाठवायचा संदेश नेहमीप्रमाणे माझ्याकडे दिला आहे: "रविवारी येतो. माझं बोलनं तुमाले आवडन का नाही माहीत नाही, पन येतो." तो अजून माझ्या फोनवर तसाच आहे. एकही अक्षर न बदलता हाच पाठव, असे त्याला सांगू का?