मदत हवी आहे: लॉकच्या हिशोबाने आमची द्राक्षबाग नेमकी कुणाची?

नमस्कार मंडळी. चाळिशी उलटल्यावर राज्यशास्त्रात एमए करायला घेतलंय आणि मालमत्तेच्या नैसर्गिक हक्कावरच्या निबंधात पार अडकलोय.

सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक म्हणतो, पृथ्वी सगळ्यांची, पण माणसाचं शरीर आणि श्रम त्याचे स्वतःचे, म्हणून ज्यात तो श्रम मिसळतो ते त्याचं. वाहतं पाणी सगळ्यांचं, कळशीत भरलं की भरणाऱ्याचं. हा हक्क सरकारच्या आधीचा. सरकार नुसतं राखणदार. इथवर कळलं. (आपल्याकडे १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने हा हक्क मूलभूत राहिला नाही, कलम ३००क मध्ये गेला, हे माहीत आहे. वकिली उत्तरं नकोत, प्लीज.)

आता घरचं. निफाड तालुक्यात आमची साडेतीन एकर बाग. आजोबा तिथे कूळ होते, खंड भरायचे. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर (कुळकायद्याने कसणाऱ्या कुळांना मालक धरलं तो दिवस) जमीन त्यांची झाली. आजी सांगायची, "धोंडे येचून बांध आम्ही घातला, मालकानं नुसती पोती मोजली." लॉक वाचताना वाटलं, हा तर आजीचाच वकील!

पण आज बाग कसतं कोण? मी नाशकात नोकरीला. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, थिनिंग (घडांची विरळणी), डिपिंग (घड औषधात बुडवणं), सगळं पेठ-सुरगाण्याकडच्या टोळ्या उक्त्यावर करतात. आजीच्या न्यायाने बाग त्यांची. लॉक मात्र इथे अलगद निसटतो: माझ्या नोकराने कापलेली हरळी माझीच, म्हणतो. मग आजोबांनाही मालकाचा नोकर धरलं, तर आमचा सातबारा कुठे राहिला?

जमवलेलं सडता कामा नये, अशीही त्याची अट आहे. पण सडणारी फळं देऊन वर्षभर टिकणारी कवचाची फळं घेतली तर चालतं. म्हणजे द्राक्षाचा बेदाणा केला की सुटलो! पैसा तर बेदाण्याहून टिकाऊ. मग या अटीत उरलं काय?

प्रतिसाद १
ते हरळीचं वाक्य पुन्हा वाचा. तिथे बोलणं सामायिक जमिनीबद्दल आहे, जिच्यावर सगळ्यांचा हक्क. तुमच्या आजोबांच्या जमिनीला आधीच मालक होता, त्यामुळे नुसत्या श्रमाने लॉक ती त्यांना देणार नाही. कुळकायद्याचं समर्थन डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाच्या वाटेने सोपं पडेल: मालकी हा माणसांनी सोयीसाठी पाडलेला रिवाज, मग तो बदलताही येतो. आणि विसाव्या शतकातला अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नॉझिक याचा टोमॅटोच्या रसाचा डबा बघा. रस समुद्रात ओतला तर समुद्र माझा होतो, की माझा रस वाया जातो? श्रम मिसळल्याने मालकी येते, या युक्तिवादाचं दुखणं तिथे आहे.

धागाकर्ता
आभार, पण तुम्ही आजीला उघड्यावर आणलंत. :)
मग त्या पहिल्या मालकाकडे जमीन आली कशी, हे लॉकला विचारायचं की नाही? आणि दुसरं. आमच्याकडे छाटणीला येणाऱ्यांपैकी काहीजण मार्च २०१८ मध्ये वनजमिनीच्या पट्ट्यांसाठी नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेले होते. ते प्लॉट त्यांनी स्वतः कसलेले, नोकर कुणी नाही, खंड नाही. लॉकच्या कसोटीवर त्यांचा दावा आमच्या सातबाऱ्यापेक्षा भक्कम ठरतो, असं निबंधात लिहिलं तर चालेल का? की 'जंगल सरकारचं' म्हटल्यावर तिथेही आधीचा मालक उभा राहतो? शुक्रवारी द्यायचाय.