[बीफ] घरी ब्रिस्केट करायचंय: कुठला तुकडा, किती तास?

प्रेषक: सीडर पार्क (टेक्सास) | बुधवार

नमस्कार मंडळी,

ज्यांच्याकडे हे चालत नाही त्यांना मेल उघडावा लागू नये, म्हणून मथळ्यातच लिहिलंय. रविवारी संध्याकाळी सहाला शेजारची दोन कुटुंबं जेवायला येताहेत आणि आम्ही ब्रिस्केट, म्हणजे बीफचा छातीकडचा मोठा तुकडा, धुरावर करायचं ठरवलंय. वेगळा स्मोकर (मांस धुरावर शिजवायची भट्टी) नाही, २२ इंची वेबर केटल (झाकणाची गोल, कोळशाची शेगडी) आहे. दुकानात नेमका कुठला तुकडा मागायचा? आदल्या रात्री आलं-लसूण-दही लावून ठेवावं का? आणि बारा पाउंडांना किती तास धरायचे?

प्रेषक: राउंड रॉक | बुधवार

ताई,

आधी दह्याचं: लावू नका. आम्ही मूळचे वसईचे, घरात बीफ लहानपणापासून, पण बारीक तुकडे करून मसाल्यात शिजवलेलं. ब्रिस्केटचं गणित वेगळं. हा गुराच्या छातीचा, पुढच्या पायांमधला भाग. गुराला गळ्याचं आडवं हाड नसतं, त्यामुळे अंगाचं बरंचसं वजन हेच स्नायू पेलतात. म्हणून आत कोलॅजन ठासून भरलेलं. दही वरवर काही मिलिमीटरच शिरतं, खालचा चिवटपणा जशास तसा राहतो. कोलॅजनचं जिलेटिन व्हायला मंद आच आणि पुष्कळ वेळ लागतो. दुसरा इलाज नाही.

दुकानात ‘होल पॅकर’, म्हणजे अख्खं ब्रिस्केट मागा. त्यात दोन स्नायू असतात: पातळ, कमी चरबीचा फ्लॅट आणि जाड, चरबीदार पॉइंट. नुसता फ्लॅट स्वस्त-सुटसुटीत वाटतो, पण केटलवर तो सहज कोरडा पडतो. मांसाच्या प्रतींपैकी जमलं तर ‘प्राइम’ घ्या, नाहीतर ‘चॉइस’. ‘सिलेक्ट’ नको. वरची चरबी पाव इंच ठेवून बाकीची काढा. मांस फ्रिजमधून नुकतंच काढलेलं, गार असतानाच कापा, चरबी घट्ट असते.

वर फक्त मीठ आणि जाडसर भरडलेली मिरी. पावडर नको. आपल्याला हात आखडता घेतल्यासारखं वाटतं, पण एकदा लॉकहार्टला जाऊन खाऊन या. क्रॉइझ मार्केट १९०० पासून आहे, ब्लॅक्स १९३२ पासून. या भागातल्या जर्मन आणि चेक खाटकांनी आपल्या दुकानांमागे मांस धुरावर धरून कागदावर विकायला सुरुवात केली, ती रीत अजून चालू आहे. चवीतला तिसरा घटक म्हणजे लाकूड. इथे पोस्ट ओक मुबलक, म्हणून तोच वापरतात. तुम्हीही तोच घ्या. मेस्कीट फार उग्र, इतक्या तासांना सोसत नाही.

केटलमध्ये कोळशाच्या विटा कडेने अर्धवर्तुळात, दोन शेजारी-दोन वर अशा रचा, वर ओकचे ठोकळे ठेवा आणि एकाच टोकाला पेटवा. आग सावकाश सरकत जाते. मध्ये पाण्याचा ट्रे. वरची झडप पूर्ण उघडी, आच खालच्या झडपेने सांभाळा: २२५ ते २५० अंश फॅरनहाइट. रात्रीतून कोळसे वाढवावे लागतीलच. धूर पातळ, निळसर हवा. दाट पांढरा धूर येत असेल तर मांस ठेवू नका, कडवट होतं.

तास विचारलेत. पाउंडाला एक ते सव्वा तास धरा, पण तो अंदाजच. शनिवारी रात्री अकराला चढवा. लवकर झालं तर थांबवता येतं, उशीर झाला तर पाहुणे थांबवावे लागतात.

प्रेषक: लिअँडर | गुरुवार

यात एक भर, कळकळीची: पाऊस आला तरी केटल गॅरेजमध्ये घेऊ नका, दार उघडं ठेवूनही नाही. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि काउंटीत बर्न बॅन (उघड्यावर आग पेटवायला बंदी) लागू आहे का तेही बघून ठेवा.

प्रेषक: सीडर पार्क | रविवार, सकाळी ७:४०

दादा, सहा वाजेपर्यंत मांसाच्या आतलं तापमान छान चढत होतं, आता १६० वर अडकलंय. काटा हलतच नाही. बाहेरचं थर्मामीटर २४० दाखवतंय. कोळसे वाढवू का?

प्रेषक: राउंड रॉक | रविवार, सकाळी ७:५२

नाही! सगळं अगदी ठीक चाललंय. याला इथे स्टॉल म्हणतात. १५० ते १७० च्या दरम्यान मांसातलं पाणी पृष्ठभागावर येऊन उडतं आणि माठासारखं ते मांसाला गार ठेवतं. जितकी उष्णता आत जाते, जवळपास तितकीच बाहेर जाते. दोन तास, कधी चार तास काटा थांबतो. इथे घाई करून आग भडकवली की फ्लॅट वाळतो.

साल, म्हणजे मांसावरचं कडक आवरण, बघा. गडद तपकिरी-काळी झाली असेल आणि नखाने खरवडून निघत नसेल, तर गुलाबी बुचर पेपरमध्ये घट्ट गुंडाळा आणि परत ठेवा. बाष्पीभवन अडतं, काटा चालू लागतो. फॉइलही चालतं, पण त्यात वाफ कोंडून साल मऊ पडते. मला स्वतःला कागदच आवडतो. गुंडाळल्यावर धुराचं काम संपलं, लाकूड टाकू नका.

१९५ झालं की फ्लॅटच्या सगळ्यात जाड भागात सळई खुपसून बघत राहा. लोण्यात शिरल्यासारखी विनासायास गेली की झालं. कोणाचं १९८ ला होतं, कोणाचं २०५ ला. आकड्यापेक्षा हाताला काय लागतं ते माना.

प्रेषक: सीडर पार्क | रविवार, दुपारी १:३५

२०२ ला सळई अलगद गेली! आता सहापर्यंत काय करू? ओव्हनमध्ये गरम ठेवू?

प्रेषक: राउंड रॉक | रविवार, दुपारी १:४१

उत्तम! कागद थोडा उघडून दहा-पंधरा मिनिटं वाफ जाऊ द्या, मग पुन्हा गुंडाळून जुन्या टॉवेलांसकट रिकाम्या कूलरमध्ये झाकून ठेवा. चार तास आरामात राहील, फक्त आतलं तापमान १४० च्या खाली जाऊ देऊ नका. थर्मामीटर आतच राहू दे. खाली यायला लागलं तर ओव्हन सगळ्यात कमी आचेवर. या थांबण्यात रस दाटतो, लगेच कापलं तर सगळा पाटावर वाहून जातो.

कापायचं पाहुणे पानावर बसल्यावर. फ्लॅटचे धागे कुठल्या दिशेने जातात ते बघा आणि त्यांना आडवी सुरी चालवा, पेन्सिलीच्या जाडीचे काप. पॉइंटपाशी आलात की तुकडा ९० अंशांत फिरवा, तिथे धाग्यांची दिशा बदलते. आत कडेला गुलाबी पट्टा दिसेल. ते कच्चं नाही, धुरातल्या वायूंनी मांसाचा रंग धरून ठेवलेला असतो. पाहुण्यांपैकी कोणी विचारलं तर सांगा.

खाण्यापुरतंच कापा. उरलेला तुकडा अख्खा गुंडाळून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि उद्या कागदासकट ओव्हनमध्ये मंद गरम करा, मायक्रोवेव्ह नको.