मदत हवी आहे: ३०० एमबीपीएसचं कनेक्शन, केबलवर मात्र ९४ च्या पुढे सरकत नाही

अबोली:
फायबर कनेक्शन ३०० एमबीपीएसचं आहे. राउटरजवळ ५ गिगाहर्ट्झ वाय-फायवर मोबाइलला २८०-२९० मिळतात. डेस्कटॉपला भिंतीतून आलेली लॅन केबल आहे, तिथे डाउनलोड ९४ आणि अपलोडही ९४. केव्हाही मोजा, आकडा तोच. केबलवर कॅट-५ई (गिगाबिटला चालणारी जात) छापलेलं आहे, राउटर आणि डेस्कटॉप दोन्हीकडचे पोर्ट गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचे आहेत. मागच्या खोलीत वाय-फाय जेमतेम ३५-४० देतं.
कंपनीकडे तक्रार करू, की राउटरच बदलू? आणि मागच्या खोलीसाठी १२०० एमबीपीएसचे पॉवरलाइन अडॅप्टर (घरातल्या विजेच्या तारांतून नेटवर्क नेणारे) घ्यावेत का?

क्रिम्पर:
तक्रार नको आणि राउटरही बदलू नका. मोबाइलला २९० मिळतात म्हणजे फायबर आणि राउटर दोन्ही ठणठणीत आहेत.

९४ हा आकडाच दुखणं सांगतो. लॅनवर प्रत्येक फ्रेमची (डेटाच्या पाकिटाची) तारेवरची एकूण जागा १५३८ बाइट, त्यात खरा डेटा १४६० किंवा थोडा कमी. म्हणजे १०० च्या लिंकवर (दोन पोर्टमधल्या जोडणीवर) हाती येतात ९४-९५, गिगाबिटवर सुमारे ९४०. दोन्ही दिशांना सारखाच, न हलणारा ९४ दिसला की लिंक १०० वर जुळली आहे असं समजा. इंटरनेट मंद असतं तर आकडा वरखाली झाला असता.

डेस्कटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. मग भिंतीतली केबल बाजूला ठेवून एखाद्या छोट्या, चांगल्या पॅच केबलने डेस्कटॉप थेट राउटरला जोडा. तेव्हा १००० दिसलं तर दोष भिंतीतल्या जोडणीत. तरीही १०० च असेल तर नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये वेग '१०० फुल डुप्लेक्स'वर बांधून ठेवलेला नाही ना ते पाहा. तो 'ऑटो'वर हवा.

अबोली:
भिंतीतून १००, पॅच केबलने १०००. सॉकेट उघडून पाहिलं. नारिंगी आणि हिरव्या जोडीच्या चार तारा बसवल्या आहेत. निळी आणि तपकिरी जोडी मागे वळवून आवरणावर गुंडाळलेली आहे.

क्रिम्पर:
हेच कारण. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात (पिन १, २, ३, ६), गिगाबिटला चारही लागतात. वेग ठरवण्याची बोलणी पहिल्या दोन जोड्यांवरच होतात, म्हणून दोन्ही टोकं आधी गिगाबिटला होकार देतात. मग लिंक जुळत नाही आणि बरीच कार्डं मुकाट्याने १०० वर उतरतात. दिवा लागतो, इंटरनेट चालतं, त्यामुळे संशय कोणाला येत नाही.

आधी राउटरकडचं टोक तपासा. कधी कधी उरलेल्या दोन जोड्यांवर फोन किंवा दुसरं सॉकेट चालवलेलं असतं. तसं असेल तर ते बंद पडेल. नसेल तर दोन्ही टोकं एकाच क्रमाने नव्याने बसवा. 'बी' क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जॅकवर ए आणि बी असे दोन्ही रंगपट्टे असतात, टोकांवर त्यांची सरमिसळ नको. जोडीचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका. तारा पंचडाउन टूलनेच (तार जॅकच्या खाचेत बसवायचं हत्यार) दाबा, स्क्रू ड्रायव्हरने दाबल्यास खाच फाकते आणि संपर्क पुढे ढिला पडतो. शेवटी केबल टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागतात का ते पाहा.

दूरध्वनी:
पॉवरलाइनबद्दल. १२०० ही दोन्ही दिशांची मिळून कागदावरची बेरीज आहे. चांगल्या वायरिंगवर, एकाच सर्किटमध्ये प्रत्यक्षात साधारण १०० ते ३०० मिळतात, वेगळ्या फेजवर त्याहून खूप कमी. सर्ज प्रोटेक्टर असलेल्या एक्स्टेंशन बोर्डमध्ये लावला तर तो बोर्ड सिग्नलच गिळतो, म्हणून अडॅप्टर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये हवा. स्वस्त चार्जर आणि मोटारी यांचा गोंगाटही त्याच तारांवर येतो. घेण्याआधी पोर्ट तपासा: काही मॉडेलांवर ५०० किंवा ६०० लिहिलेलं असतं आणि पोर्ट मात्र १०० चा. परत तेच ९४!

मागच्या खोलीत तुमचा मोबाइल बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर घसरतो. तिथे २० मेगाहर्ट्झ आणि दोन अँटेना असतील तर लिंक १४४ दिसते, हाती त्याच्या निम्मे आले तरी खूप. तोच बँड वापरणारा रिपीटर लावला तर वेग आणखी अर्धा होतो, कारण प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जातं. माझं मत स्पष्ट आहे: त्या खोलीपर्यंत केबल ओढता येत असेल तर दुसरं काही घेऊ नका. टीव्हीची कोएक्सियल केबल आधीच तिथे गेली असेल आणि तिच्यावर दुसरं काही चालत नसेल, तर मोका अडॅप्टरची (कोएक्सियल केबलवरून नेटवर्क चालवणारे) जोडी हा दुसरा चांगला पर्याय.

अबोली:
केबल डेस्कटॉपच्या सॉकेटपासून पुढे नेता येईल. तिथे जुना राउटर लावू का?

क्रिम्पर:
चालेल. सॉकेट आणि डेस्कटॉप यांच्यामध्ये पाच पोर्टचा गिगाबिट स्विच ठेवा आणि त्यातून मागच्या खोलीकडे केबल न्या. जुन्या राउटरचं डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा, त्याला मुख्य राउटरच्या पट्ट्यातला पण वेगळा आयपी पत्ता द्या, आणि केबल वॅन पोर्टमध्ये (इंटरनेटची तार येते तो) न लावता लॅन पोर्टमध्ये लावा. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे सारखे ठेवा, २.४ चे चॅनल मात्र वेगळे: एकावर १, दुसऱ्यावर ६ किंवा ११. जुन्या राउटरचे पोर्ट १०० चे असतील तर मागच्या खोलीत ९४ वरच थांबाल, तेवढं आधी बघून घ्या.