मदत हवी आहे: कृत्तिका कधी विखुरणार?

नमस्कार मंडळी, खारघरला राहतो, काल गच्चीवर लेकीला १०×५० च्या दुर्बिणीतून कृत्तिका (ताऱ्यांचा गुच्छ) दाखवल्या, नुसत्या डोळ्यांना इथे जेमतेम पाच-सहा दिसतात पण दुर्बिणीत अक्षरशः हिऱ्यांचा खच, आणि तिने विचारलं बाबा हे सगळे कायम असेच एकत्र राहणार का. मी सांगितलं की एकाच वायूच्या ढगातून साधारण १० कोटी वर्षांपूर्वी जन्मले, ४४० प्रकाशवर्षांवर आहेत, पुढे हळूहळू पांगतील. असं पांगणं दिसतं ते रोहिणी ताऱ्याजवळच्या व्ही आकाराच्या हायडीज या तारकागुच्छात, तो ६५ कोटी वर्षांचा, ताऱ्यांची स्थानं आणि वेग मोजणाऱ्या गाया यानाच्या मोजणीत त्याच्या पुढे आणि मागे सुटलेल्या ताऱ्यांच्या लांब शेपट्या सापडल्यात. (रोहिणी स्वतः त्यातली नाही, ती आपल्याला त्याच्यापेक्षा खूप जवळ आहे.)

इथेच अडलोय. आकाशगंगेच्या ओढीने तारे सुटतात हे पटलं, पण मग दोन्ही बाजूंना शेपटी कशी काय? आणि शेकडो प्रकाशवर्षं लांब गेलेला तारा त्याच घरचा हे वेग-दिशेवरून ओळखतात की रासायनिक घटकांवरून? कुणी सोप्या मराठीत समजावेल का प्लीज, लेक रोज विचारतेय. आणि शनिवारी आकाश बघायला वांगणीला कुणी जाणार असेल तर आम्हालाही सांगा.