मदत हवी आहे : कथेचं आशयसूत्र ठरवायचं कशावरून?

नमस्कार मंडळी. कथानक मला सहज सांगता येतं, विषयही सांगता येतो. गाडी अडते ती आशयसूत्रापाशी. 'एकटेपणा' हा विषय झाला आणि एकटेपणाबद्दल कथा काय म्हणते ते सूत्र, इथवर कळलंय.

सध्या एका कथेवर टिपण लिहितेय. दोन भाऊ वडिलांचं घर विकतात. व्यवहार होतो, पण धाकटा जुन्या कुलपाची किल्ली परत देत नाही, गुपचूप खिशात टाकतो. त्याआधी ती किल्ली कथेत तीनदा येते, दर वेळी थोरल्याच्या हातात. मला ही कथा घर सुटलं तरी मन न सुटण्याची वाटते. मैत्रीण ठामपणे म्हणते, नाही, ही थोरल्याने आयुष्यभर गाजवलेल्या हक्काची गोष्ट आहे. आणि खरं सांगायचं तर मजकुरात दोघींनाही आधार सापडतो!

मग वजन कशाला द्यायचं, शेवटाला की पुन्हापुन्हा येणाऱ्या त्या किल्लीला? पात्रात काय बदल होतो ते बघा, असं सांगतात. पण धाकटा तर शेवटपर्यंत अवाक्षर काढत नाही. एका कथेची दोन सूत्रं मानली तर चालतं का? तुम्ही कसं ठरवता, एखादं उदाहरण घेऊन सांगाल का?