रोमानियातला 'लिबरल' शब्द: विचार की नुसती पाटी?

रोमानियाचा राष्ट्रीय लिबरल पक्ष २४ मे १८७५ ला स्थापन झाला. मध्ये चाळीसहून जास्त वर्षं कम्युनिस्ट राजवटीत तो बंद होता, तरी आज त्याच नावाने तो सत्तेच्या आसपास आहे. गेले काही महिने मी त्याचा इतिहास वाचते आहे. माझं मत असं झालंय की या पक्षाने देश उभा केला, पण उदारमतवाद केला नाही.

सगळ्यात जास्त खटकली ती १८६६ ची राज्यघटना. त्याआधीचं थोडं सांगते. जून १८४८ मध्ये वालाकियात (आजच्या रोमानियाचा दक्षिण भाग) क्रांती झाली. इस्लाझ गावी जो जाहीरनामा वाचला गेला, त्यात ज्यूंना मुक्त करण्याचं आणि इतर धर्मांच्या देशबांधवांना राजकीय हक्क देण्याचं वचन होतं. रोमा गुलामांची सुटकासुद्धा होती. त्या क्रांतीच्या पुढाऱ्यांमध्ये पॅरिसला शिकून आलेले इयॉन ब्रातियानु आणि रोसेत्ती होते, पुढे याच पक्षाचे पुढारी झालेले.

अठरा वर्षांनी हीच मंडळी राज्यघटना करायला बसली. बेल्जियमचा १८३१ चा नमुना समोर होता. वृत्तपत्रस्वातंत्र्य आलं, युद्धकाळ सोडून मृत्युदंड परत आणायचा नाही असं ठरलं. सगळं सुंदर. पण कलम ७ पाहा: परदेशी व्यक्ती ख्रिस्ती असेल तरच तिला नागरिकत्व. आणि ज्यू कित्येक पिढ्या तिथे राहत असले तरी कायद्याच्या लेखी परदेशीच! मसुद्यात आधी धर्म आड येणार नाही असं लिहिलं होतं. बुखारेस्टच्या रस्त्यावर दंगल झाली, सिनेगॉग फोडलं गेलं, आणि ते वाक्य मागे घेतलं गेलं.

१८७८ च्या बर्लिन कराराने अट घातली की तुर्की साम्राज्यापासूनच्या स्वातंत्र्याला मान्यता हवी तर धर्मभेद काढा. तेव्हा सरकार ब्रातियानुचंच होतं. १८७९ मध्ये त्यांनी कलम बदललं ते असं, की प्रत्येक ज्यूने स्वतंत्र अर्ज करायचा आणि संसदेने एकेकाचा निकाल लावायचा. स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या काही शे जणांना तेवढं एकदम नागरिकत्व दिलं. बाकीचे थांबले ते पहिल्या महायुद्धानंतरपर्यंत.

एवढं वाचल्यावर या पक्षाला लिबरल म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

प्रतिसाद १ (जुना वाचक)

असहमत, आणि बऱ्यापैकी असहमत.

ताई, तुम्ही १८७९ बद्दल लिहिलंत ते खरं आहे, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण तुमचा निष्कर्ष नवा नाही. तीतू मायोरेस्कुने १८६८ मध्येच या मंडळींवर 'आशयाविना आकार' असा ठपका ठेवला होता. म्हणजे संसद आहे, विद्यापीठ आहे, पण आत काही नाही. तो पुराणमतवादी गोटातला. त्याच्या मते समाज आधी पिकायला हवा, संस्था नंतर. लिबरलांनी उलटं केलं, आधी साचा आणला आणि माणसं त्यात वाढू दिली. ज्या देशात व्यापारी मध्यमवर्ग नावालाच होता, तिथे आणखी काय करणार होते? बोयार जमीनदारांच्या मर्जीची वाट पाहायची का?

त्या साच्यातूनच पुढचं आलं. १९१८ मध्ये सर्व पुरुषांना मतदान. १९२१ च्या कायद्याने मोठ्या जमीनदारांच्या जमिनी शेतकऱ्यांकडे गेल्या, एकूण सुमारे ६० लाख हेक्टर. आणि तुमच्या कलम ७ चं शेवटचं नावनिशाण १९२३ च्या राज्यघटनेने पुसलं, ती लिबरल बहुमताच्या संसदेने केली. यानंतर जमीनदारांचा पुराणमतवादी पक्ष राजकारणातून जवळजवळ नाहीसाच झाला. हे पाटी लावून होत नाही.

प्रतिसाद २ (शेतीवाडी)

वरच्या प्रतिसादात १९१८ आणि १९२१ आले, १९०७ आलं नाही. मी तिथूनच सुरुवात केली असती.

रोमानियाच्या ईशान्येला, उत्तर मोल्दावियात फ्लमन्झी नावाचं गाव आहे. नावाचा अर्थच 'भुकेले'. जमीन जमीनदाराची, ती मक्त्याने घेणारा मक्तेदार वेगळा, आणि कसणारा तिसराच, ज्याला दरवर्षी नव्या अटींवर करार करावा लागे. तिथे उठाव झाला आणि महिन्याभरात देशभर पसरला. पुराणमतवादी सरकार गडगडलं आणि स्तुर्द्झाचं लिबरल सरकार आलं. गृहखातं ब्रातियानुच्या मुलाकडे, इयॉन इ. क. ब्रातियानुकडे. युद्धखातं जनरल आवेरेस्कुकडे. गावांवर तोफा चालवल्या. मेलेल्यांचा आकडा ११,००० सांगितला जातो, त्यावर आजही वाद आहे. हजारो गेले यावर वाद नाही.

नंतर करारांचे कायदे केले, शेतकऱ्यांना जमीन घ्यायला मदत करणारी संस्था काढली. पण आधी तोफ आणि मग कायदा, हा क्रम मी विसरू शकत नाही. आमच्या घरात खंडाने जमीन कसणाऱ्यांच्या दोन पिढ्या झाल्या, म्हणून असेल.

आणि १९१७ मध्ये राजा फर्डिनांडने जमिनीचं वचन दिलं ते कुठे? आघाडीवरच्या सैनिकांसमोर. शेजारी रशियात क्रांती पेटली होती. ते भीतीचं दान होतं.

प्रतिसाद ३ (जुना वाचक)

भीती होती, मान्य. पण जमीन आणि मतदान दोन्ही सुधारणा धाकट्या ब्रातियानुने १९१३ मध्येच मांडल्या होत्या, रशियन क्रांतीच्या चार वर्षं आधी. १९०७ ने त्याला काहीतरी शिकवलं, असं मी समजतो.

आणखी एक नाव. इयॉन दुका. नोव्हेंबर १९३३ मध्ये पंतप्रधान झाला, डिसेंबरात फॅसिस्ट 'आयर्न गार्ड'वर बंदी घातली, आणि २९ डिसेंबरला सिनायाच्या रेल्वे फलाटावर त्याच संघटनेच्या लोकांनी त्याला गोळ्या घातल्या. महिना-दीड महिन्याचं पंतप्रधानपद. त्या वेळच्या युरोपात असं पाऊल उचलणारे किती होते?

प्रतिसाद ४ (धागाकर्ती)

दुकापुढे मी मान झुकवते. पण त्याच्यानंतर कोण? तातारेस्कु, त्याच पक्षाचा. त्याच्या चार वर्षांत गार्ड नव्या नावाने पुन्हा फोफावला. त्या काळात रिवाज असा होता की राजा पंतप्रधान नेमणार, तो निवडणूक घेणार आणि जिंकणार. वर १९२६ चा कायदा: ४० टक्के मतं मिळाली की निम्म्या जागा बक्षीस, उरलेल्यांतही वाटा. डिसेंबर १९३७ मध्ये तातारेस्कुच्या सरकारला ४० टक्के गाठता आले नाहीत आणि दोन महिन्यांत राजा दुसऱ्या कॅरोलने लोकशाहीच गुंडाळली. लोकांना मतपेटीवर विश्वास ठेवायची सवयच लागू दिली नव्हती, तर वाचवायला कोण येणार?

प्रतिसाद ५ (मुक्काम क्लूज)

कामानिमित्त पाच वर्षं इथे रोमानियात आहे, म्हणून आजचं थोडं. १९९० मध्ये पक्ष पुन्हा उभा राहिला. २००५ मध्ये आलेला आणि २०१७ पर्यंत टिकलेला १६ टक्के सपाट आयकर (सगळ्यांना एकच दर) हा पक्षाच्या तारिचानुच्या सरकारचा. २०१४ मध्ये पक्षाने युरोपातला लिबरल गट सोडून ख्रिस्ती-लोकशाहीवाद्यांच्या गटात प्रवेश केला, आणि २०२१ मध्ये ज्यांच्याविरुद्ध मतं मागितली त्या सोशल डेमोक्रॅटांबरोबरच सरकार केलं. इथल्या माझ्या सहकाऱ्यांना ते फार लागलं. नोव्हेंबर २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत (ती पुढे रद्द झाली) पक्षाचा उमेदवार पाचवा आला.

धागाकर्तीशी सहमत, फक्त कम्युनिस्टांनी जुन्या नेत्यांना डांबलं तो सिगेतचा तुरुंग पाहून आल्यापासून मी जरा मवाळ झालोय. धाकट्या ब्रातियानुचा मुलगा, इतिहासकार आणि लिबरल नेता गेओर्गे ब्रातियानु १९५३ मध्ये तिथेच वारला, शेतकरी पक्षाचा इयुलियु मानियुही त्याच वर्षी. कम्युनिस्टांनी त्यांना पाटीवरून ओळखलं नव्हतं.

प्रतिसाद ६ (धागाकर्ती)

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं.

माझी मांडणी थोडी बदलते. पक्ष एकसंध धरून मी बोलत होते, ते चुकलं. रोसेत्तीचं उदाहरण माझ्यासमोर असून मी वापरलं नाही. १८८४ मध्ये मतदारवर्ग ठरवताना तो म्हणत होता की श्रीमंत, शहरी, खेडूत असे वेगळे गट नकोत, सगळ्यांचा एकच ठेवा. ब्रातियानुने तीन ठेवले. चार दशकांची मैत्री तिथे तुटली, रोसेत्ती बाजूला झाला आणि पुढच्या वर्षी वारला. उदारमतवाद त्या पक्षात होता, पण हरलेल्या बाजूला होता.

जुना वाचक, तुमचं १९१८ चं मतदान म्हणजे रोसेत्तीचीच मागणी, चौतीस वर्षं उशिरा. तुम्ही म्हणाल, आली ना. मी म्हणेन, त्या चौतीस वर्षांत फ्लमन्झी येतं.